पाणी कुठं टिकतं

मे महिन्यात आजोळी गेलो की आजी म्हणायची, "वरच्या विहिरीत आता गाळच असेल, खालच्या ओढ्याला जा." कुठलं पाणी कधीपर्यंत पुरतं हे तिला तोंडपाठ होतं. परवा हुणसगीबद्दल वाचताना तिची फार आठवण आली.

कर्नाटकात, आताच्या यादगीर जिल्ह्यात, हुणसगी-बैचबाळ हे खोरं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या हे खोरं वर्षानुवर्षं पायी हिंडले. आदिमानवाची दगडी हत्यारं त्यांना ठिकठिकाणी सापडली. ती कुठं दाट आणि कुठं विरळ आहेत यावरून त्यांनी एक अंदाज बांधला. पावसाळ्यात सगळीकडे डबकी भरलेली, कंदमुळं मुबलक, त्यामुळे माणसांच्या टोळ्या खोरंभर पांगत असणार. उन्हाळ्यात मात्र ज्या ओढ्यांना बारमाही झरे आहेत, त्यांच्याच काठी सगळे गोळा होत असणार.

याच खोऱ्यात इसामपूर आहे. इथं चुनखडकाच्या आयत्या लाद्या जमिनीतून वर आलेल्या. जवळच ओढा. माणसं बेताच्या जाडीची लादी निवडायची, दुसऱ्या टणक दगडानं तिच्या कडा उडवायची आणि हातकुऱ्हाड तयार! घडवलेली हत्यारं, अर्धवट सोडलेली, उडालेल्या कपच्या, सगळं तिथंच पडलेलं होतं. सोबत मिळालेल्या जनावरांच्या दातांवरून काळ निघाला सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपली जात जन्मायच्याही कितीतरी आधीचा!

आता गंमत बघा. ही जागा उजेडात आली १९८३ मध्ये, कालव्याच्या कामासाठी वरची माती उपसली गेली म्हणून. आणि त्याच कालव्याचं पाणी आल्यावर भातासाठी जमिनी सपाट झाल्या, त्यात खोऱ्यातल्या इतर कितीतरी जागा कायमच्या गेल्या. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? पाणी येईल तिथं जगायचं, हे तर तोही करतोय.

आमच्या आजोळीही आता नळ आलाय. तो हवाच होता, आजीचे हंडे मी पाहिलेत. पण उन्हाळ्यात कुठला झरा आटत नाही, हे आता तिथं कुणालाच सांगता येत नाही. आजी होती तोवर मी विचारून ठेवलं नाही. मामा, मावशी, तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर लिहून ठेवा. ओढ्याचं नाव आणि तो कुठं वळतो, एवढं आठवलं तरी चालेल.