सिरियमचा धूर आणि चोपड्याचा कंदील (थ्रेड)

१/ ७ मार्च १९४२. रंगूनजवळ पेगू नदीच्या पलीकडच्या काठावर सिरियम येथे उभा असलेला बर्मा ऑइल कंपनीचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना ब्रिटिशांनी स्वतःच्याच हाताने उडवून दिला. जपानी सैन्य दुसऱ्या दिवशी रंगूनमध्ये शिरले. तेथून सुमारे सव्वादोन हजार किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा तालुक्यातील कंदिलांचा या स्फोटाशी काय संबंध होता?

२/ संबंध अगदी सरळ होता. त्या काळी पूर्व खानदेशातील बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. घरातली चिमणी, गोठ्यातला कंदील, रात्रीच्या भजनाची किंवा लग्नाची बत्ती हे सारे रॉकेलवर पेटत असे. आणि हिंदुस्थानात जळणाऱ्या रॉकेलचा मोठा वाटा ब्रह्मदेशातून येत होता.

३/ या तेलाची मराठी नावेच त्याचा इतिहास सांगतात. ‘रॉक ऑइल’चे झाले रॉकेल, ‘गॅस लाइट’चे झाले घासलेट. खडकातून निघते म्हणून कुणी त्याला मातीचे तेल म्हणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत घरात उजेड होई तो तीळ, करडई, एरंडी, करंज यांच्या तेलाचा, म्हणजे गावातल्या तेल्याच्या घाण्याचा. रॉकेल स्वस्त होते आणि उजेडही जास्त देई. दोन पिढ्यांत घाण्याचे तेल दिव्यातून हटून देवघरातल्या समईपुरते उरले. स्वस्त वस्तूची सवय लागते तेव्हा जुनी सोय मोडीत निघते, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

४/ बर्मा ऑइल कंपनी १८८६ साली स्थापन झाली, म्हणजे वरचा ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला त्याच वर्षी. येनांजाउंगच्या विहिरींतील कच्चे तेल नळवाहिनीने सिरियमला येई. तेथे ते शुद्ध होऊन जहाजांनी हिंदी बंदरांत उतरे. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला. कागदावर देश दोन झाले. तेलाची वाट तीच राहिली.

५/ वितरणाचे जाळे १९२८ पासून बर्मा-शेल या संयुक्त कंपनीच्या हाती होते. खेड्यापर्यंत तेल जाई ते चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे अठरा लिटरच्या पत्र्याच्या डब्यांतून. या डब्याला एक वेगळाच इतिहास आहे. त्याचा पत्रा देशातच मिळावा म्हणून १९२० साली टाटा आणि बर्मा ऑइल यांनी मिळून जमशेदपूरजवळ टिनप्लेट कंपनी काढली. तेल संपले तरी डबा संपत नसे. तो पाणी भरायला, धान्य साठवायला, कापून छपरावर ठोकायला उपयोगी पडे. डब्याने पाणी मोजण्याची जुनी माणसांची सवय तिथलीच.

६/ चोपड्याची अडचण आणखी एका पायरीने मोठी होती. तालुका तापीच्या उत्तरेला, तर तापी खोऱ्यातली आगगाडी नदीच्या दक्षिणेला. अमळनेर, धरणगाव, जळगाव ही स्थानके त्या बाजूची. बाहेरून रेल्वेने आलेला कोणताही माल स्थानकावर उतरल्यावर बैलगाडीने किंवा मोटारीने पुढे न्यावा लागे. बंदर, आगगाडी, रस्ता, नदी, दुकान अशी ही साखळी होती, आणि तिचे शेवटचे टोक चोपड्यात होते.

७/ आता १९४२ चा घटनाक्रम पाहावा. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर पहिला मोठा बॉम्बहल्ला झाला. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. त्याच सुमारास सुमात्रातील पालेंबांगचे तेलकारखाने जपानच्या हाती गेले. ७ मार्चला सिरियम नष्ट झाले. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. एप्रिलच्या मध्यावर येनांजाउंगच्या तेलविहिरीही माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी निकामी केल्या. चार महिन्यांच्या आत पूर्वेकडचे तेल बंद झाले.

८/ देशातले उत्पादन ही तूट भरून काढण्याजोगे नव्हते. आसामात दिग्बोईचा १९०१ चा कारखाना होता, पंजाबात रावळपिंडीजवळ अटक ऑइलचा होता, बस्स. उरले इराणी आखातातले आबादान. तिथले तेल येत राहिले, परंतु आता हिंदुस्थान हा ब्रह्मदेशाच्या आघाडीचा तळ बनला होता. विमाने, रणगाडे, लष्करी मालमोटारी यांची गरज आधी भागवली जाई. कंदिलाचा क्रमांक शेवटचा.

९/ पेट्रोलचे रेशनिंग १९४१ सालीच सुरू झाले होते. प्रवासी मोटारींना मग कोळशाच्या गॅसची जोड मिळाली. गाडीच्या मागे किंवा बाजूला लोखंडी भट्टी बसवायची, तीत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, आणि निघणारा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनचा वायू गाळून इंजिनात सोडायचा. निघण्याआधी पंखा फिरवून भट्टी तापवावी लागे. इंजिनाची ताकद बरीच घटे, चढावर गाडी धापा टाकी, प्रसंगी उतारू खाली उतरून ढकलत. वाटेत थांबून राख काढणे हाही प्रवासाचा भाग होता. तो वायू विषारी, म्हणून बंद जागेत भट्टी पेटवणे जिवावर बेतू शके.

१०/ मोटारीला कोळसा चालला. कंदिलाला काय चालणार? रॉकेलवर नियंत्रण आले, वाटा ठरले, दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि रांगेच्या मागून काळा बाजारही आला. पुन्हा तेलाच्या पणतीकडे वळावे, तर खाद्यतेलही महाग झालेले. संध्याकाळचे जेवण दिवस मावळायच्या आत उरकणे ही गरिबाच्या घरातली सर्वांत स्वस्त योजना ठरली. विद्यार्थ्याचा अभ्यास, बाळंतिणीची खोली, साप-विंचवाची भीती, रात्रीची राखण या सगळ्यांचा हिशेब पळीभर तेलात होऊ लागला.

११/ ब्रह्मदेश गेल्याने तांदूळ थांबला आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्याने भर घातली, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत वाचायला मिळते. रॉकेल थांबले ही गोष्ट सहसा सापडत नाही. उपासमारीचे बळी मोजले जातात, अंधाराचे मोजमाप कुणी ठेवत नाही. दोन्हींची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. पण दोन्ही टंचाया एकाच समुद्रमार्गावरून आल्या.

१२/ सिरियमच्या स्फोटाचा खटला मात्र पुढे वीस वर्षांहून अधिक काळ गाजला. मालमत्ता सरकारच्या आदेशाने नष्ट झाली, तेव्हा भरपाई द्या, असा बर्मा ऑइलचा दावा होता. १९६४ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनीच्या बाजूने कौल दिला. लगेच १९६५ साली ब्रिटिश संसदेने ‘वॉर डॅमेज अ‍ॅक्ट’ करून तो निकाल पूर्वलक्षी प्रभावाने निष्फळ केला! कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवला जातो.

१३/ सिरियमनंतर अवघ्या नऊ वर्षांत दुसरा धक्का बसला. इराणने तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि ३१ जुलै १९५१ रोजी आबादान बंद पडले, तेव्हाचा जगातला सर्वांत मोठा शुद्धीकरण कारखाना. गंमत अशी, की आबादानची मूळ कंपनी १९०९ साली बर्मा ऑइलनेच उभी केली होती. स्वतंत्र भारताची भिस्त आता याच आखाती तेलावर होती. त्यामुळे तेहरानमधील मोसादेक यांचा निर्णय ही दिल्लीचीही चिंता झाली.

१४/ त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारने स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांच्याशी मुंबईत कारखाने उभारण्याचे करार केले. अटी कंपन्यांना भलत्याच सोयीच्या होत्या. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमीसुद्धा त्यांत होती. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. पण सिरियम आणि आबादान या दोन्हींचा अनुभव ताजा असताना वाटाघाटीला बसलेल्या सरकारचा हात दुबळा होता, हेही विसरू नये. ट्रॉम्बेला स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा-शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला. १९७० च्या दशकात दोन्ही सरकारकडे आले. आजचे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम ते हेच.

१५/ कारखाना अशा रीतीने समुद्रापलीकडून राज्यात आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईहून मनमाडपर्यंत इंधनाची नळवाहिनीही आली, आणि मनमाडजवळच्या पानेवाडीचे साठे उत्तर महाराष्ट्राचा मोठा आधार बनले. साखळीतल्या कड्या कमी झाल्या. शेवटची कडी मात्र टँकरची राहिली.

१६/ जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ती कडी निखळली. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकासाठी नव्या कायद्यात दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती. तिच्याविरुद्ध चालकांनी काम थांबवले आणि पानेवाडीतून टँकर निघेनात. खानदेशासह उत्तर महाराष्ट्रात पंपांपुढे रांगा लागल्या. ट्रॉम्बेचे कारखाने बंद पडलेले नव्हते, टाक्यांत तेलही होते. २ जानेवारीच्या रात्री केंद्र सरकारशी बोलणी झाल्यावर कामावर परतण्याचे आवाहन झाले आणि टँकर पुन्हा रस्त्याला लागले. चोपड्यात रेल्वे अजून आलेली नाही. पेट्रोल तिथे रस्त्यानेच पोहोचते.