प्रजनन-आरोग्यप्रशिक्षण, द्वीपराष्ट्रांतील

द्वीपराष्ट्रांतील परिचारिका, प्रसाविका, वैद्यकीय साहाय्यक व ग्रामीण आरोग्यसेवक यांना गर्भारपण, प्रसूती, नवजात अर्भकाची निगा, संततिनियमन आणि लैंगिक संबंधांतून पसरणारे रोग यांविषयी दिले जाणारे शिक्षण, तसेच त्या शिक्षणाचे फळ ठरविण्याच्या पद्धती, यांचा प्रस्तुत नोंदीत ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. प्रशिक्षणाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे. त्याच्या पद्धतशीर मूल्यमापनाचा मात्र बराच अलीकडचा आहे. मोजणीची साधने नसताना प्रशिक्षण यशस्वी वा अयशस्वी ठरविले गेले की दोष बहुधा गरीब मातेच्या किंवा गावच्या सुइणीच्या माथी मारला जातो, असे या इतिहासात वारंवार दिसते. विवेचनासाठी मुख्यतः दोन प्रदेश घेतले आहेत : पॅसिफिक महासागरातील फिजी व त्याच्या शेजारची लहान राष्ट्रे, आणि हिंदी महासागरातील श्रीलंका. संयुक्त राष्ट्रांच्या ‘लहान विकसनशील द्वीपराष्ट्रां’च्या यादीत श्रीलंका नाही, तथापि द्वीपराष्ट्रांमध्ये इतक्या दीर्घ काळच्या जन्ममृत्यूच्या नोंदी क्वचितच आढळतात, म्हणून तुलनेसाठी तिचा विचार आवश्यक ठरतो.

फिजी बेटे ऑक्टोबर १८७४ मध्ये ब्रिटिश अंमलाखाली आली आणि पुढच्याच वर्षी गोवराच्या साथीत तेथील सु. ४०,००० लोक दगावले. मूळ फिजीयन लोकांची संख्या त्यानंतरही घटतच राहिली : १८९१ च्या शिरगणतीत ती १,०५,८०० होती, १९०१ मध्ये ९४,३९७ झाली व १९११ मध्ये ८७,०९६ वर आली. सूव्हा येथे १८८५ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली होती आणि तिच्यातून स्थानिक तरुण ‘नेटिव्ह मेडिकल प्रॅक्टिशनर’ म्हणून बाहेर पडू लागले होते. परंतु ते पुरुष होते आणि प्रसूती ही सर्वस्वी स्त्रियांच्या हातची गोष्ट होती. वसाहत सरकारने लोकसंख्येच्या ऱ्हासाची कारणे शोधण्यासाठी १८९३ मध्ये आयोग नेमला. बोल्टन ग्लॅनव्हिल कॉर्नी, जेम्स स्ट्यूअर्ट व बॅझिल टॉम्सन हे त्याचे सदस्य होते. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल परिश्रमपूर्वक तयार केलेला आहे, परंतु बाहेरून आलेल्या रोगांच्या जोडीने मातांचे अज्ञान, बालसंगोपनातील हयगय आणि सुइणींच्या रीती यांवर त्यात दिलेला भर आज वाचताना खटकतो.

या विचारसरणीतूनच १९०८ पासून फिजीयन स्त्रियांना प्रसूतिपरिचारिकेचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. स्वच्छता, नाळ निर्जंतुक साधनाने कापणे, अवघड प्रसूती वेळीच ओळखणे हा त्या शिक्षणाचा गाभा होता. गावोगाव ‘यालेवा वुकू’ म्हणजे जाणत्या स्त्रिया प्रसूतीचे काम पूर्वापार करीत आल्या होत्या. वयाने मोठ्या, स्वतः बाळंतपणे अनुभवलेल्या या स्त्रियांसमोर रुग्णालयातून शिकून आलेल्या तरुण मुलीच्या शब्दाला किती वजन असणार, हा प्रश्न अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी फारसा विचारात घेतलेला दिसत नाही. कालांतराने या परिचारिका केवळ प्रसूतीपुरत्या राहिल्या नाहीत. जखमा बांधणे, औषधे देणे, साथीच्या वेळी घरोघर फिरणे ही कामेही त्यांच्याकडे आली.

त्यांच्या कामाचे मूल्यमापन कशावरून झाले? मुख्यतः शिरगणतीवरून. १९२१ मध्ये फिजीयनांची संख्या आणखी घटून ८४,४७५ झाली. एवढ्यावरूनच निष्कर्ष काढावयाचा, तर तेरा वर्षांचे प्रशिक्षण वाया गेले असे म्हणावे लागेल. वस्तुतः मध्यंतरी १९१८ ची इन्फ्ल्यूएंझाची साथ हजारो लोक घेऊन गेली होती. १९३६ मध्ये संख्या ९७,६५१ पर्यंत चढली, तिचेही सर्व श्रेय प्रसूतिपरिचारिकेला देता येत नाही. साथींविषयीची प्रतिकारशक्ती, पाणीपुरवठा आणि १९२८ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने उभे राहिलेले ‘सेंट्रल मेडिकल स्कूल’ यांचाही त्यात वाटा होता. कोणत्या मातेची प्रसूती कोणी केली व तिचे पुढे काय झाले हे मोजणारी व्यवस्था उभी न करता संपूर्ण जमातीच्या संख्येवरून मूठभर स्त्रियांची परीक्षा घेतली गेली, हा या कालखंडातील मूलभूत दोष होय.

पुढे चित्र उलटले. ऊसमळ्यांसाठी १८७९ ते १९१६ या काळात सु. ६०,५०० भारतीय मजूर करारबद्ध पद्धतीने फिजीत आणले गेले होते. त्यांच्या वंशजांची व फिजीयनांचीही संख्या वेगाने वाढू लागल्यावर सर ॲलन बर्न्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात लोकसंख्यावाढीविषयी चिंता व्यक्त करून कुटुंबनियोजनाचा पुरस्कार केला. लोक कमी होतात म्हणून जिला शिकविण्यास सुरुवात झाली, त्याच परिचारिकेने लोक वाढतात म्हणून आता वेगळे शिक्षण घ्यावयाचे होते. फिजीचा जन्मदर १९६० च्या सुमारास दर हजारी सु. ४० होता, तो १९७० च्या सुमारास ३० च्या आसपास आला. प्रशिक्षित परिचारिकांनी खेडोपाडी केलेले काम हे याचे एक कारण निश्चितच आहे. परंतु विवाहाचे वय वाढणे व मुलींच्या शिक्षणाचा प्रसार हीही कारणे आहेत. दोन्ही आयोगांच्या दृष्टीसमोर स्त्रीच्या आरोग्यापेक्षा लोकसंख्येचा आकडाच अधिक ठळकपणे होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

श्रीलंकेची वाटचाल वेगळी झाली. कोलंबो येथे १८७९ मध्ये डी सॉयसा प्रसूतिगृह सुरू झाले व तेथून प्रसाविकांच्या शिक्षणाची परंपरा वाढली. जन्ममृत्यूची नोंदणी १८९७ पासून सक्तीची होती. १९२६ मध्ये कळुतर येथे पहिले आरोग्य-केंद्रक स्थापन झाले. ठराविक लोकवस्तीमागे एक प्रसाविका, तिच्यावर देखरेख करणारी परिचारिका व वैद्यकीय अधिकारी, अशी त्याची रचना होती. १९३१ मध्ये सार्वत्रिक प्रौढ मताधिकार मिळाल्यानंतर आपल्या भागात दवाखाना व प्रसूतिगृह हवे, अशी मागणी लोकप्रतिनिधी करू लागले आणि ही व्यवस्था देशभर पसरली. १९३० नंतरच्या दशकात दर लाख जन्मांमागे दोन हजारांहून अधिक माता दगावत. १९५० च्या सुमारास हे प्रमाण ५०० ते ६०० पर्यंत उतरले व शतकाच्या अखेरच्या दशकात शंभराखाली गेले.

येथेही घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. १९३४-३५ च्या हिवतापाच्या भीषण साथीने सु. ८०,००० बळी घेतले होते. हिवतापाने रक्तक्षय झालेली गर्भवती प्रसूतीत सहज दगावते. १९४६ पासून डीडीटीच्या फवारणीने हिवताप हटू लागला आणि त्याच सुमारास सल्फा औषधे व पेनिसिलीन यांमुळे सूतिकाज्वर आटोक्यात आला. मातामृत्यूंतील घसरणीपैकी किती भाग प्रसाविकेचा व किती डासनाशकाचा, हे काटेकोरपणे वेगळे करता येत नाही. तरीही जागतिक बँकेने २००३ मध्ये मलेशिया व श्रीलंका यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते त्याप्रमाणे हिवताप ओसरल्यानंतरही प्रमाण दर सहा ते बारा वर्षांनी निम्मे होत गेले, आणि ही गोष्ट केवळ डीडीटीने स्पष्ट होत नाही. एवढे तरी म्हणता येते ते नोंदी होत्या म्हणूनच. १९८० नंतरच्या दशकात प्रत्येक मातामृत्यू कळविणे बंधनकारक झाले. तो घरी घडला की रुग्णालयात, प्रसाविका किती वेळा घरी गेली होती, रुग्णवाहिका केव्हा आली, याची चौकशी होऊ लागली. चौकशीतून अभ्यासक्रमातील उणिवाही उघड होतात. नोंदी असल्या म्हणजे सर्व निर्विवाद होते, असे मात्र नाही. १९९० नंतरच्या दशकात रजिस्ट्रार जनरलचे आकडे कुटुंब-आरोग्य विभागाच्या आकड्यांपेक्षा बरेच कमी भरत. आता जवळजवळ सर्व प्रसूती रुग्णालयात होतात. त्यामुळे सार्वजनिक आरोग्य-प्रसाविकेचे काम घरभेटी, गर्भवतींची तपासणी व संततिनियमन यांकडे वळले आहे आणि तिची परीक्षाही त्याच कामांवरून घ्यावी लागते.

‘प्रजनन आरोग्य’ ही व्यापक संज्ञा १९९४ च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेने रूढ केली. त्याच वर्षी बार्बेडोस येथे लहान द्वीपराष्ट्रांची जागतिक परिषद झाली. यानंतर पॅसिफिकमध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी व इतर दात्यांच्या साहाय्याने प्रशिक्षणवर्गांची रेलचेल झाली. फिजी स्कूल ऑफ मेडिसिनमध्ये १९९८ पासून प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही मिळू लागले. वर्ग किती झाले व किती जण बसले हे अहवालांत नेमके असते. डॉनल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : शिकणाऱ्याचे समाधान, प्राप्त ज्ञान, कामातील बदल व अंतिम परिणाम. पहिल्या दोन पायऱ्या वर्गातच मोजता येतात. तिसरीसाठी कोणीतरी बोटीने त्या बेटावर जावे लागते, आणि चौथीपाशी लहान राष्ट्रांत गणितच आडवे येते.

तूवालूचे उदाहरण बोलके आहे. नऊ बेटांच्या या राष्ट्रात सु. ११,००० लोक राहतात, वर्षाला सु. २५० बालके जन्मतात व रुग्णालय एकच, फूनाफूटी येथे आहे. एकही माता दगावली नाही तर त्या वर्षीचे मातामृत्यू प्रमाण शून्य येते. एक दगावली की ते एकदम ४०० होते. पहिल्या वर्षी प्रशिक्षण उत्तम होते व दुसऱ्या वर्षी बिघडले, असा अर्थ काढणे हास्यास्पद होय. एक लाखाहून कमी लोकसंख्येची राष्ट्रे संयुक्त राष्ट्रांच्या मातामृत्यूविषयक जागतिक अंदाजांतून दीर्घकाळ वगळली जात होती, याचेही कारण हेच. फिजीतही, जेथे वर्षाला अठरा ते वीस हजार जन्म होतात, एका मृत्यूने आकडा पाचाने हलतो. याउलट पापुआ न्यू गिनी मोठे राष्ट्र असूनही तेथे मोजणीच वादग्रस्त ठरली : २००६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर लाखामागे ७३३ असे प्रमाण निघाले, तर त्यापुढील वर्षांसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे गणिती अंदाज २५० च्या आसपास होते. प्रसाविकांच्या शिक्षणाची निकड पटवून देण्यास पहिला आकडा उपयोगी पडला, परंतु पुढील प्रगती कोणत्या आकड्यापासून मोजावी हा प्रश्न त्यामुळे कायम राहिला.

म्हणून लहान बेटांवर परिणामाऐवजी कृती तपासणे अधिक सयुक्तिक ठरते : प्रसूत्युत्तर रक्तस्राव होताच परिचारिकेने काय केले, एक्लॅम्प्सियाच्या झटक्यांत मॅग्नेशियम सल्फेट योग्य मात्रेत दिले का, रुग्ण हलविण्याचा निर्णय किती वेळात घेतला. याला जोड म्हणून अनेक वर्षांचे आकडे एकत्र करणे, मरणाच्या दारातून परतलेल्या मातांची प्रकरणे अभ्यासणे आणि प्रत्येक मृत्यूची दोषारोपाविना चौकशी करणे हे मार्ग वापरले जातात. तथापि वर्षाला दहा-बारा प्रसूती करणाऱ्या परिचारिकेला एक्लॅम्प्सियाचा रुग्ण कित्येक वर्षांतून एकदाच भेटतो. शिकलेले कौशल्य वापराविना झिजते, म्हणून एकदाच दिलेल्या दीर्घ प्रशिक्षणापेक्षा पुतळ्यावरचा थोडा पण वारंवार केलेला सराव येथे मोलाचा आहे.

कौशल्याखेरीज इतर गोष्टीही हव्यात. ऑक्सिटोसीन २° ते ८° से. तापमानात ठेवावे लागते. बेटावरील शीतकपाट बंद पडले तर उत्तम शिकलेल्या हातांनाही उपाय उरत नाही. दंडाच्या त्वचेखाली गर्भनिरोधक शलाका बसविण्यास शिकलेली परिचारिका शलाकाच न आल्याने ते काम करू शकली नाही, तर प्रशिक्षण अपुरे होते असे अहवालात लिहिणे अन्यायाचे ठरते. ३३ बेटांच्या व सु. ३५ लाख चौ. किमी. सागरी क्षेत्रात विखुरलेल्या किरिबातीमध्ये बोट व हवामान हेही प्रसूतिसेवेचेच घटक होत.

स्थलांतराचा प्रश्न यात भर घालतो. १९८७ व २००० मधील राजकीय उलथापालथीनंतर फिजीतून डॉक्टर व परिचारिका मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे गेल्या, आणि कोविडच्या साथीनंतर हा ओघ पुन्हा वाढला. अशा वेळी प्रशिक्षणाचा लाभ दुसऱ्याच देशातील रुग्णांना होतो. त्यामुळे वर्गातून किती जणी उत्तीर्ण झाल्या, याबरोबरच पाच वर्षांनी त्यांपैकी किती जणी त्याच बेटावर प्रसूती करीत आहेत, हेही मोजावे लागते.