अद्भुताचा नियम आणि असंभाव्याची तक्रार

मराठी कादंबरी-समीक्षेचा आरंभच एका तक्रारीने झाला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ १८७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मराठी कादंबरीचे वय जेमतेम पंधरा वर्षांचे होते. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाजूला ठेवली, तर वाचकांच्या हाती होती ती लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आणि त्यांच्या वाटेने जाणारी पुस्तके. राजपुत्र, राजकन्या, वियोग, योगायोगांची रास आणि अखेरीस मीलन. मराठे ह्यांचा रोख ह्या पुस्तकांतील असंभवनीयतेवर होता. जे घडू शकत नाही ते सांगणारी कथा वाचकाची बुद्धी बिघडवते, ही त्यांच्या विवेचनामागची धारणा.

रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत ह्या आक्षेपाचे उत्तर जणू आधीच देऊन ठेवले होते. आपल्या विवाहपद्धतीमुळे आणि एकंदर चालीरीतींमुळे आजच्या हिंदू माणसाच्या आयुष्यात रंजक असे काही घडतच नाही. रोजचे अनुभव लिहिले तर त्यांत अद्भुत काय उरणार, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद आहे. अद्भुताचे हे समर्थन प्रत्यक्षात वास्तवावरील टीका आहे, आणि ती मराठे ह्यांच्या निबंधापेक्षा अधिक कडवट आहे. परंतु दोघांचे बोलणे एकमेकांना भिडत नाही. मराठे विचारतात, हे घडू शकते काय? रिसबूड म्हणतात, जे घडते ते सांगण्याजोगे नाही. ह्या कथेतले अशक्य स्वतःचा काही नियम पाळते की नाही, हा तिसरा प्रश्न दोघांनाही पडत नाही. पुढे वि. का. राजवाडे ह्यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ ह्या निबंधात अद्भुत आणि वास्तव ह्या दोन टोकांचा विचार केला, तेव्हाही तो प्रश्न बाजूलाच राहिला. हरिभाऊ आपट्यांच्या यशानंतर तर वाद निकालात निघाल्यासारखा झाला. वास्तव हे प्रौढांचे, अद्भुत हे पोरांचे आणि अडाण्यांचे. अद्भुत वाचणारा भाबडा असतो आणि त्याला काहीही सांगितले तरी चालते, हे गृहीत मराठी समीक्षेत मुरून बसले.

ह्या गृहीताची परीक्षा घ्यायची तर ग्रंथालयाबाहेर, वरळीला जावे लागते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते वरळीत, आणि त्याच्या मनोऱ्यापासून बीडीडी चाळी फार दूर नाहीत. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या ह्या चाळी. वरळीत त्यांच्या १२१ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. मधून अंधारी बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या. कोकण, सातारा, देश येथून आलेले गिरणी कामगार, १९५६ नंतरचे बौद्ध, सरकारी सेवेतील खालच्या श्रेणीचे नोकर अशी वस्ती. १९७४ च्या दंगलीने आणि दलित पँथरच्या लढ्याने ती समाजेतिहासात नोंदली गेली. तिच्या आस्वादाचा इतिहास मात्र कोणी लिहिण्याच्या लायकीचा मानला नाही.

१९८२ हे वर्ष येथे दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. पगार थांबला आणि पडदा रंगला. मजल्यावर ज्या खोलीत संच असे तेथे आजूबाजूची बिऱ्हाडे जमत. आत जागा उरली नाही की माणसे दारात, मग बोळीत उभी राहत. ही बैठक मूक नसे. आपल्याकडच्या कीर्तनाच्या, तमाशाच्या सवयीप्रमाणे ती बोलकी असे, आणि तिचे बोलणे बहुतेक वेळा कथानकाविषयीच असे.

ह्या बैठकीपुढे रामानंद सागर ह्यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. त्यात बाण आकाशात भिडून विझत होते, माणसे उडत होती, पर्वत उचलला जात होता. त्यातील तांत्रिक क्लृप्त्या आज बाळबोध वाटतील. तरीही ‘असे कसे होईल?’ हा प्रश्न उमटला नाही. १९९४ ते १९९६ ह्या काळात रविवारी सकाळी नीरजा गुलेरी ह्यांची ‘चंद्रकांता’ आली आणि तिच्यापुढे मात्र तोच प्रेक्षक खिळून बसला असतानाच चरफडू लागला. कालचा शत्रू आज मित्र कसा, मेला म्हणून दाखवलेला परतला कसा, बंदिवासातून सुटायला हीच युक्ती होती तर मागच्या रविवारी तो गप्प का बसला? भाबड्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. मग एकाच प्रेक्षकाला एक अशक्य चालते आणि दुसरे खुपते, ह्याची संगती कशी लावायची?

अद्भुत आणि वास्तव ह्या जोडीने ती लागत नाही, कारण दोन्ही मालिका अद्भुतच आहेत. श्रद्धा हे कारण देऊन मोकळे होता येईल. पण बोळीत उभे राहून पाहणाऱ्यांत राम ज्यांचा देव नाही असेही पुष्कळ होते. अधिक उपयोगी साधन अभिनवगुप्ताकडे आहे. नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’त त्याने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांतील पहिलेच ‘संभावनाविरह’ आहे. जे दाखवले जाते ते प्रेक्षकाला संभाव्य वाटले नाही, तर त्याचे चित्त तेथे विसावत नाही. मग रसाची गोष्टच नको. हे विघ्न टाळण्याचे त्याने सांगितलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. विषय सामान्य लोकव्यवहारातला असेल तर मन आपोआप संवादी होते. परंतु लोकोत्तर पराक्रम दाखवायचा असेल, तर ज्याची प्रसिद्धी पिढ्यान्‌पिढ्या मनात रुजली आहे असे रामादींचे नाव घ्यावे. म्हणजे संभाव्यता ही घटनेत नसते. प्रेक्षकाच्या मनात आधीपासून साठलेल्या विश्वासात असते. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त अविश्वसनीय शक्यतेपेक्षा विश्वसनीय अशक्यता पत्करावी असे म्हटले, तेथे तो ह्या विचाराच्या जवळ येतो, पण तो विश्वास कोठून आणायचा, हे अभिनवगुप्त अधिक नेमके सांगतो. ही मांडणी संस्कृतच्या वर्गात शिकवली जात असता मराठी कादंबरीची चर्चा तिच्याविना चालली, ही गोष्ट चमत्कारिकच म्हटली पाहिजे.

‘चंद्रकांते’पाशी ही रुजलेली प्रसिद्धी नव्हती, निदान मराठी प्रेक्षकापुरती तरी नव्हती. देवकीनंदन खत्री ह्यांची १८८८ ची मूळ हिंदी कादंबरी मुंबईच्या चाळीत कोणाच्या वाचनात असण्याचे कारण नव्हते. अशा वेळी अद्भुताला स्वतःचा नियम घालून विश्वास कमवावा लागतो, आणि खत्री तो घालतात. नौगढचा वीरेंद्रसिंह आणि विजयगढची चंद्रकांता ह्यांच्या प्रेमाभोवती अय्यारांची जी दुनिया आहे ती विलक्षण शिस्तीची आहे. अय्याराच्या बटव्यात बेशुद्ध करण्याची भुकटी असते आणि शुद्धीवर आणणारा लखलखाही असतो. वेषांतराला वेळ लागतो, रंग लागतो, दुसऱ्याचे कपडे लागतात. ते उघडे पडण्याचीही सोय आहे: तोंड धुवायला लावले की खरा माणूस दिसतो, आणि मित्रांना ओळख पटवण्यासाठी सांकेतिक बोल ठरलेले असतात. अय्याराला ठार मारायचे नाही, कैद करायचे, हा संकेत शत्रूही पाळतात. तिलिस्म कोणीही फोडू शकत नाही. ज्याच्या नावाने तो बांधला त्यानेच तो फोडायचा. ह्यातले काहीच व्यवहारात घडत नाही, परंतु प्रत्येक गोष्टीची किंमत ठरलेली आहे. म्हणूनच वाचक पुढचे अनुमान करू शकतो आणि अनुमान चुकले तरी फसवला जात नाही.

पडद्यावर ही शिस्त दोन कारणांनी मोडली. पहिले माध्यमाच्या स्वभावातले आहे. कादंबरीत तेजसिंहाने दुसऱ्याचा वेष घेतला असे लेखक सांगतो, किंवा सांगत नाही. वाचकाला सुगावा लागण्याची फट शिल्लक असते. पडद्यावर वेषांतर केलेल्या अय्याराची भूमिका तो दुसरा नटच करतो, आणि नंतर मुखवटा ओढून काढला की पहिला नट दिसतो. वेषांतर अशा रीतीने निर्दोष झाले. निर्दोष वेषांतर ओळखण्याचा मार्ग प्रेक्षकापाशी नसतो. मग कोणीही कोणीही असू शकतो, आणि कोणत्याही प्रसंगाला वजन उरत नाही. धुतलेल्या तोंडाचा साधा संकेत गेला, त्याबरोबर सगळी अय्यारी गेली.

दुसरे कारण आर्थिक आहे. ‘हम लोग’ (१९८४) पासून दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांची पद्धत रुळली. भाग ठरावीक संख्येने मंजूर व्हायचे आणि लोकप्रियता पाहून वाढवून मिळायचे. ‘रामायण’ही ठरलेल्या ५२ भागांवरून ७८ वर गेले, पण रावण मरणार हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या लांबणीने धक्का बसत नाही, फार तर तो जांभई देतो. ज्या कथेचा शेवट प्रेक्षकाला ठाऊक नाही, तिच्यात मुदतवाढ थेट कार्यकारणात शिरते. क्रूरसिंहाचे उदाहरण घ्यावे. अखिलेन्द्र मिश्र ह्यांच्या अभिनयामुळे हे पात्र देशभर लोकप्रिय झाले, आणि कारस्थानी खलपुरुषाच्या मापाने कापलेल्या भूमिकेवर मालिकेचा भार येऊन पडला. लोकप्रिय पात्र नाहीसे करणे निर्मात्याला परवडत नाही. मग मृत्यू, शपथ, कैद ह्यांतले काहीच अखेरचे राहत नाही. पटकथा कमलेश्वर ह्यांच्यासारख्या मातबर लेखकाची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे दोष केवळ लेखणीचा नव्हता हे उघड होते.

येथे एक तुलना केली पाहिजे. तमाशाच्या वगातही योगायोगांची कमतरता नसते. परंतु तेथे सोंगाड्या असतो. राजा रात्रीत वेष पालटून परतला की ‘हे कसं जमलं?’ असे प्रेक्षकाच्या मनातले तोच विचारून मोकळा होतो आणि त्या विसंगतीचेच हसू करतो. कोकणातून गिरणगावात आलेल्या दशावतारातही संवाद उत्स्फूर्त असल्याने नटाला समोरच्या कुजबुजीला उत्तर देण्याची सोय असते. वरळीच्या बोळीतील प्रेक्षक ह्या दोन्ही परंपरांत वाढलेला होता. कथेला हटकणे हा त्याच्या दृष्टीने आस्वादाचाच भाग. पडद्यापुढे त्याने हटकले, पण उत्तर देणारा कोणी नव्हता. राष्ट्रीय प्रक्षेपण दिल्लीहून यायचे आणि शेजारचा मनोरा ते केवळ पुढे ढकलायचा. त्याच्या चरफडीत कथेचा जितका वाटा होता, तितकाच ह्या मुकेपणाचाही होता. वृत्तपत्रांतील स्तंभांनी मालिकेचा सरसकट उपहास करून आपली सुटका करून घेतली. त्यांना ती एकदम त्याज्य वाटली, म्हणून तिच्यातले कोणते अद्भुत टिकते आणि कोणते कोसळते हे पाहण्याची गरजच त्यांना भासली नाही. ती निवड करत होता तो १६० चौरस फुटांतला श्रोता.

खाजगी वाहिन्यांवर मालिका दैनंदिन झाल्यावर हा प्रश्न अधिक बिकट झाला. झी मराठीवरील ‘असंभव’ (२००७-२००९) पुनर्जन्मावर आधारलेली होती आणि तिचे शीर्षकच आक्षेपकाला सामोरे जाणारे होते. सतीश राजवाडे ह्यांचे दिग्दर्शन आणि चिन्मय मांडलेकर ह्यांचे लेखन असलेल्या ह्या मालिकेने अशक्य ते एकच मानले, मागच्या जन्मीचे देणे ह्या जन्मी फेडावे लागते एवढेच. बाकीची माणसे आपापल्या स्वभावाला धरून वागतात. पुनर्जन्माची कल्पना मराठी मनात रुजलेली असल्याने अभिनवगुप्ताने सांगितलेली प्रसिद्धी तिला फुकट मिळाली, हेही खरे. पुढच्या अनेक मालिकांनी ही प्रसिद्धी उचलली आणि नियम मात्र टाकून दिला.