न लिहिलेला नियम सिद्ध कसा करायचा?

‘अलिखित संविधान म्हणजे लेखी काहीच नाही का?’ संशोधनाची तयारी करताना हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. सुरुवात ब्रिटनपासून करू आणि सडक अर्जुनीच्या तलावांकडे येऊ.

ब्रिटनचं संविधान एका पुस्तकात नाही. ते कायद्यांत आहे, न्यायनिवाड्यांत आहे आणि संकेतांतही आहे. विधेयकाला संमती नाकारण्याचा अधिकार राजाकडे कागदोपत्री आजही आहे, पण तो शेवटचा वापरला ॲन राणीनं, १७०८ साली. अर्थसंकल्प लॉर्ड्स सभेनं अडवू नये हाही संकेतच होता. १९०९ मध्ये लॉर्ड्सनं तो मोडला. मग १९११ चा कायदा आला आणि तो अधिकार लेखी काढून घेतला. म्हणजे संकेत पाळला जातो तोवर तो कुणाला दिसत नाही. मोडला की लिहावा लागतो.

आता आपल्याकडे या. भंडारा-गोंदियातले बरेच जुने तलाव कोहळी समाजानं बांधले. पाणी आधी कोणाच्या बांधीत जाणार, पाळीवर माती कोण टाकणार, हे रिवाजानं ठरायचं. इंग्रजी बंदोबस्तात मालगुजार गावाचे मालक ठरले आणि गावोगावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात नोंदवले गेले.

पुढे १९५० चा मालगुजारी रद्द करणारा कायदा झाला. ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. मालकी लेखी होती, म्हणून ती हस्तांतरित करता आली. पण देखभालीची घडी मालगुजार आणि रयत यांच्या नात्यावर बसलेली होती. ती तशी हस्तांतरित होईना. पुढे कितीतरी तलाव गाळानं भरले.

लगेच ‘जुनं ते सोनं’ म्हणू नका. त्याच रिवाजात बेगारही होती.

मग खरा संकेत आणि नुसती सवय यांतला फरक कसा ओळखायचा? आयव्हर जेनिंग्ज यांनी तीन प्रश्न दिले आहेत: आधीची उदाहरणं आहेत का? पाळणारे स्वतःला बांधलेले समजत होते का? त्या नियमामागे कारण आहे का? आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९३ च्या न्यायाधीश-नियुक्तीच्या निकालात हीच कसोटी लावली.

तीच कसोटी तलावाला लावून बघा. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचवायचं, याची उदाहरणं दप्तरात शोधा. मोडणाऱ्याला गाव काय म्हणायचं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. कारण जमिनीच्या उतारात शोधा. तिन्ही मिळालं तर तो नियम, फक्त पहिलंच मिळालं तर सवय.

आणि हा निव्वळ अभ्यासाचा खेळ नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज दोन्ही आहेत. २००६ चा वनहक्क कायदा निस्तार हा सामूहिक हक्क मानतो. दावा करणाऱ्या गावाला पुरावा द्यावाच लागतो. तुम्ही केलेली नीट नोंद तिथं कामी येऊ शकते.

फक्त जुनं दप्तर उघडलंत की एक विचारा: हा रिवाज सांगितला कोणी? मालगुजारानं, की शेवटच्या बांधीवाल्यानं? तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथंच सापडेल.