कॉपीची बखर

'कॉपी' हा शब्द इंग्रजांनी दिला खरा, पण अर्थ आपण आपल्या सोयीने लावून घेतला. त्यांची कॉपी म्हणजे नक्कल. आपली कॉपी म्हणजे प्रत्यक्ष ती चिठ्ठी! चतकोर कागद, मुंगीच्या पायाएवढं अक्षर आणि त्यात अख्खं अर्थशास्त्र. उपनगरातल्या एका कॉलेजात मी उभी नोकरी केली, तेव्हा पर्यवेक्षक म्हणून अशा किती चिठ्ठ्या जप्त केल्या याची गणती नाही. बाही, मोजा, पट्टीची मागची बाजू, कुठे म्हणून सापडत नसत! "अरे, एवढं बारीक लिहायला जे कष्ट पडतात त्याच्या निम्म्यात पास झाला असतास," असं मी पोरांना सांगत असे. कुणाला पटलं नाही.

राहायला मी गोवंडीत. गोवंडी म्हटलं की पाहुणे आधी नाकाला रुमाल लावतात, मग 'कसे आहात' विचारतात. शेजारचं देवनारचं डंपिंग ग्राउंड 1927 पासूनचं. म्हणजे विद्यापीठाच्या कितीतरी पिढ्यांच्या कॉप्या शेवटी आमच्याच गावाला आल्या असणार. ज्ञानाची एवढी रास कलिन्यालाही नसेल.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं 1857 साली. पहिली मॅट्रिक 1859 ची. बसले 132, पास झाले 22, आणि त्यात महादेव गोविंद रानडे. त्याच 1859 साली तिकडे चीनमध्ये काय झालं पाहा. तिथली सरकारी परीक्षा शेकडो वर्षांची जुनी. परीक्षार्थी अंगरख्याच्या अस्तरावर ग्रंथ लिहून आणायचे आणि शिपाई दारात त्यांची झडती घ्यायचे. पण पेकिंगच्या 1858 च्या परीक्षेत उत्तरपत्रिकांची अदलाबदल निघाली, आणि दुसऱ्या वर्षी मान उडवली गेली ती मुख्य परीक्षकाची. बाईजुन त्यांचं नाव. साधे मास्तर नव्हेत, बादशहाचे मोठे मंत्री! इतक्या टोकाला जाऊ नये, मी पेन्शनर माणूस आहे. पण झडती कुठल्या मजल्यापर्यंत न्यायची, हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडे परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध 1982 साली कायदा झाला. पुढे भरारी पथकं आली, बैठी पथकं आली. सगळ्यांचे डोळे बाकांवर.

आणि 1985 च्या ऑक्टोबरात विद्यापीठाची एम. डी. ची परीक्षा झाली. एका डॉक्टराने हायकोर्टात तक्रार नेली की गुणपत्रकात खाडाखोड झालीय, आणि पास झालेल्यांत मुख्यमंत्र्यांची कन्या आहे. मुख्यमंत्री होते शिवाजीराव पाटील-निलंगेकर. न्यायमूर्तींनी ठपका ठेवला आणि 1986 च्या मार्चमध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. अपिलात त्यांच्याविरुद्धचा थेट निष्कर्ष टिकला नाही, पण संशयाचे शेरे राहिले, आणि सुप्रीम कोर्टानेही ते पुसले नाहीत. मार्कांपायी सरकारचा प्रमुख गेला! आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवसांत चहा निवून जायचा.

नेमक्या त्याच हंगामात मी एका मुलाला पकडलं. आमच्या गोवंडीचाच. वडील गिरणी संपात घरी बसलेले. चिठ्ठी बोटभर. फॉर्मवर सही करताना तो म्हणाला, "सर, मी माझी चिठ्ठी स्वतः लिहिली हो. तिकडे तर तेवढीसुद्धा मेहनत नाही."

मी म्हटलं, "सही कर." नियम होता, आणि तो बरोबरच होता. त्याचं वर्ष गेलं. त्याचं बोलणं मात्र त्या फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

पुढे 2016 साली भांडुप पोलिसांनी एक प्रकरण बाहेर काढलं. इंजिनिअरिंगच्या उत्तरपत्रिका विद्यापीठाचे काही कर्मचारीच पैसे घेऊन बाहेर काढायचे. विद्यार्थी त्या निवांतपणे पुन्हा लिहायचे, आणि त्या गुपचूप परत जागेवर जायच्या. मोजे नकोत, पट्टी नको. पुस्तक समोर उघडं, शेजारी चहा. अक्षरही बारीक काढायला नको.