दूरचे छिद्र आणि वऱ्हाडचे ऊन

चांदमारीच्या कागदावर .22 रायफलीची गोळी सुमारे 5.6 मिलिमीटरचे भोक पाडते. आपला डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन ओळखतो. या हिशेबाने ते भोक 19 मीटरपलीकडे नीट ओळखू येत नाही. 50 मीटरवर निदान तिप्पट वर्धन हवे. मग वर्धन वाढवतच जावे का?

याचे उत्तर शोधताना आम्हाला त्रिकोणमितीय सर्वेक्षण आठवते. दक्षिणेतून निघालेली लॅम्बटन यांची मोजणी एलिचपूरजवळच्या टाकळखेड्यापर्यंत आली. 1823 साली हिंगणघाटला त्यांचे निधन झाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती उत्तरेकडे सिरोंजपर्यंत नेली. दूरच्या टेकडीवरची बारीक खूण दुर्बिणीतून टिपणे, हेच त्यांचे काम. पण जमीन तापली की हवेचे थर ढवळतात, किरण वाकतात, खूण थरथरते. वर्धनाने खुणेबरोबर थरथरही मोठी होते. एव्हरेस्ट यांनी यावर रात्री दिव्यांचे वेध घेण्याचा मार्ग धरला.

60 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण सुमारे 2 विकलांपर्यंतचा भेद दाखवते; 50 मीटरवरचे भोक 23 विकलांचे असते. म्हणजे भिंग पुरेसे आहे, अडते ते हवेपाशी. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारच्या 60 पट वर्धनापेक्षा सकाळचे 25 पट बरे.

कागदाला भोके पाडून, एकाच दुर्बिणीतून सकाळी व दुपारी पाहण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.