अंधेरीहून ट्रॉम्बेला जाणारी गाडी

‘सेंट्रल’ आणि ‘वेस्टर्न’ हे शब्द आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत बसले नाहीत. ५ नोव्हेंबर १९५१ला मुंबईच्या रेल्वेला ही नावं आली. त्यांच्या लेखी मात्र घाटकोपर-मुलुंड जीआयपीवर (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि अंधेरी-बोरिवली बीबीसीआयवर (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया). दोन कंपन्यांच्या दोन लायनी, आणि बोरिवली-मुलुंडच्या मधे जंगल नि डोंगर.

जीआयपीची गाडी आधीची. १६ एप्रिल १८५३ला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं चौदा डबे ओढत बोरीबंदरहून ठाण्याला निघाली, ती घाटकोपर-मुलुंडच्या शिवारातूनच गेली. त्या रेल्वेसाठी नाना शंकरशेटांनी केलेली खटपट आजोबा फार अभिमानानं सांगायचे. बीबीसीआयची लोकल सुरू झाली १८६७च्या एप्रिलात, विरारहून बॅकबेला. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली विजेवरची गाडी धावायला लागली. कंपन्या दोन असल्या तरी दोघींचं तोंड फोर्टाकडे. उपनगरातल्या माणसानं शेजारच्या उपनगरात जायचं, हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं.

माझी आत्या अंधेरीची, लग्न होऊन मुलुंडला गेली. नकाशात बघाल तर गाव तसं जवळच. पण माहेरी यायचं म्हणजे आधी खाली दादरला, मग पूल चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर, मग पुन्हा वर अंधेरी. कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन तिनं वर्षानुवर्षं तो पूल चढला. तिची कुरकुर सुरू झाली की आजोबा म्हणायचे, “अगं, आमच्या वेळी अंधेरीहून थेट कुर्ल्याला गाडी होती.” आम्हा मुलांना ती थाप वाटायची.

ती थाप नव्हती. कुर्ला-चेंबूरचे रूळ १९०६मध्ये शहराचा कचरा वाहून न्यायला टाकले होते. १९२४पासून त्यावर माणसं बसू लागली. १९२८मध्ये ‘साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे’ सुरू झाली, अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेपर्यंत. शाळकरी वयात आजोबा त्या गाडीनं वडिलांबरोबर ट्रॉम्बेला जात. दोन्हीकडे भाताची खाचरं, डब्यात मोजकी माणसं, खाली उतरलं की खाडीचा वास. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. १९३४मध्ये गाडी बंद झाली, रूळ उखडले गेले आणि पुढे त्याच पट्ट्यात सांताक्रूझचा विमानतळ उभा राहिला. अंधेरी-कुर्ल्याच्या मधे घरं दाटायच्या आतच तिथली गाडी गेली, याची हळहळ आजोबांना होती. मलाही आहे. त्या वस्तीबरोबर ती वाढली असती.

त्यानंतर पूर्व-पश्चिम प्रवास बेस्टच्या खांद्यावर आला. साकीनाक्याला अडकलेल्या ३४० नंबरच्या बसमध्ये उभं राहून कितीजणांची उमेदीची वर्षं गेली असतील! वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावायला ८ जून २०१४ उजाडला. साडेअकरा किलोमीटरही नाही, वीस-बावीस मिनिटांचं अंतर. तेवढ्यासाठी ऐंशी वर्षं. आजोबा तोवर गेले होते. आत्या मात्र बसली, आणि घाटकोपरला उतरताच तिनं विचारलं, “मुलुंडला कधी येणार ही?”

लोकल सुधारली नाही असं कुणी म्हणू नये. १५०० व्होल्ट डीसीच्या जागी २५,००० व्होल्ट एसी वीज आली, नऊ डब्यांचे बारा झाले, वेस्टर्नवर काही गाड्यांचे पंधरा, आणि २५ डिसेंबर २०१७ला पहिली एसी लोकल बोरिवलीहून सुटली. तरीही गर्दीच्या वेळी दारात लोंबकळणारी माणसं आहेतच. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांतून माणसं पडून मेली, तेव्हा साध्या लोकलला आपोआप मिटणारी दारं बसवायची घोषणा झाली. इतकी माणसं एकाच दिशेनं का कोंबली जातात, हा प्रश्न त्या दारांनी सुटत नाही.

आता बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली असे बोगदे व्हायचे आहेत. दोन्ही मोटारींसाठी. त्यांच्या नकाशातच रुळांची जागा राखायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. मुलुंडहून बोरिवलीला कामावर जाणाऱ्या बहुतेकांकडे मोटार नसते.